पाइपाला पाणी

मित्रांनो, करड्या रंगाचा एक पत्र्याचा डबा, पुढे काचेची खिडकी आणि खिडकीत एक काळा काटा, असं काहीतरी तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या घरी टीव्हीखाली पाहिलं असेल. तोच मी, एक जुना स्टॅबिलायझर. हल्लीच्या टीव्हीला माझी गरज लागत नाही, म्हणून आधी ओळख करून द्यावी लागते. वीज कमी आली तर वाढवून आणि जास्त आली तर कमी करून पुढे द्यायची, हे माझं काम. किती आली ते काट्याने दाखवायचं, हे दुसरं. या दुसऱ्या कामात मी कधी लबाडी केली नाही. काटा दाखवतो ते खरंच असतं. त्याचा अर्थ काय लावायचा, ते मात्र बघणाऱ्यावर असतं.

आज मी आशाबाईची गोष्ट सांगणार आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी तेवढीच एक आहे आणि ती सुखाची नाही. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला पुरेशी वीज मिळावी म्हणून ही बाई रोज संध्याकाळी जमिनीत पुरलेल्या एका पाइपाला पाणी घालायची. त्या पाण्यापायी तिचा जीव धोक्यात होता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझा जन्म इंदूरच्या एका बोळातल्या लहानशा कारखान्यात झाला. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बायका दिवसभर बोलत बसत आणि बोलता बोलता त्यांचे वेढे कधी चुकत नसत. माझ्या पोटात ते वेढे बसवले, वर रंग फवारला आणि मला बुऱ्हाणपूरच्या बाजारात पाठवलं. तिथून मला दिगंबर सरांनी सिंधीपुऱ्यातल्या आपल्या घरी नेलं. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नी कमलताईंनी माझ्यासाठी लोकरीचं विणलेलं झाकण केलं. मित्रांनो, ज्याला पत्र्याचं अंग आहे त्याला लोकरीचं झाकण कशाला? पण तेव्हा माझा थाटच तसा होता. यंत्रमाग एकदम सुरू झाले की गल्लीतले दिवे डोळे मिचकवायचे, शेजारच्यांचे टीव्ही बंद पडायचे, आणि आमच्याकडे मी पोटात 'टक' असा आवाज करून सगळं सावरून घ्यायचो. शेजारी म्हणायचे, "सरांचा डबा भारी हाये." मी फुगून जायचो.

मग नव्या तऱ्हेचा टीव्ही आला. त्याला मी नको होतो. गरज सरो, वैद्य मरो, तशी माझी गत झाली. मला माळ्यावर टाकलं आणि लोकरीचं झाकण मिक्सरच्या डोक्यावर गेलं. तिथे मी काही वर्षं झुरळांच्या संगतीत काढली.

मला खाली उतरवलं ते आकाशामुळे. बुऱ्हाणपूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. सरांना तारे बघण्याचा नाद फार जुना. इंदूरच्या तारे बघणाऱ्यांच्या एका मंडळाने त्यांना दुर्बिणीला लावायचा एक कॅमेरा आणि लॅपटॉप वापरायला दिला होता. हा कॅमेरा तुमच्या लग्नातल्या फोटोवाल्याचा नव्हे. तो स्वतःला थंड करून घेतो आणि अगदी मंद ताऱ्याचाही उजेड टिपतो. त्या वर्षी होळीनंतरच्या एका संध्याकाळी आकाशातला एक खडक एका ताऱ्याच्या पुढून जाणार होता आणि काही क्षण तो तारा झाकला जाणार होता. तो नेमका किती वेळ झाकला जातो ते टिपलं, तर त्या खडकाचा आकार कळतो. असं झाकणं दिसण्याचा पट्टा अरुंद असतो आणि या वेळी तो बुऱ्हाणपुरावरून जात होता. सरांच्या उभ्या आयुष्यात असा योग पुन्हा यायचा नव्हता. ते हे इतक्या वेळा बोलायचे की कमलताई म्हणायच्या, "झाकू द्या बाई त्या ताऱ्याला एकदाचं, म्हणजे आमची सुटका होईल."

सिंधीपुऱ्यात दिव्यांचा उजेड आणि यंत्रमागांची थरथर. म्हणून सरांनी दुर्बीण तापीपलीकडे जैनाबादला, चुडामणदादाच्या केळीच्या शेतात नेली. चुडामणदादा म्हणजे सरांचा मोठा चुलतभाऊ, आणि आशाबाई त्याची बायको. शेतात पाण्याच्या मोटरीजवळ एक खोली होती. बाहेरच्या ओट्यावर दुर्बीण, आत खिडकीशी लॅपटॉप, आणि मधून कॅमेऱ्याची तार.

कॅमेरा मात्र चालेना. चित्रांवर आडवे पट्टे यायचे आणि थंड व्हायला लागला की तो मधूनच बंद पडायचा. सरांनी आधी लॅपटॉपला नावं ठेवली. मग कॅमेरा इंदूरला परत पाठवून तपासून घेतला. तो ठणठणीत निघाला. मग त्यांनी मीटर काढला आणि कॅमेऱ्याच्या टोकाशी वीज मोजली. कॅमेरा बंद असताना बारा व्होल्ट पुरे भरत, थंडावा सुरू झाला की खाली घसरत. सरांना हसू आलं. बैल गोठ्यात उभा असताना त्याची ताकद मोजून काय उपयोग? नांगराला जुंपून मोजायला हवी. तार लांब आणि बारीक होती, तिनेच वाटेत वीज खाल्ली होती. त्यांनी जाड, आखूड तार टाकली आणि दुपारी कॅमेरा छान चालला. सरांनी आशाबाईच्या हातचा चहा दोनदा घेतला.

दिवस मावळला आणि कॅमेरा पुन्हा बंद पडला. आता रोग खोलीच्या आत नव्हता, बाहेर होता. आसपासच्या शेतांतले दिवे, टीव्ही, मोटरी सगळं त्याच वेळी सुरू व्हायचं आणि खोलीत येणारी वीजच अर्धमेली यायची. बॅटरी लावून पाहिली, तर तीही अशा विजेवर भरेना आणि बसली. तेव्हा सरांना माळ्यावरचा मी आठवलो.

मित्रांनो, मी मोठ्या उमेदीने गेलो. आशाबाईने मला पदराने पुसलं आणि म्हणाली, "दिगूभाऊ, हा तर घड्याळावानी टकटक करून राहिला."

"ते त्याचं काम आहे, वहिनी. वीज वरखाली झाली की तो आतून बदल करतो."

"म्हंजे आमच्या यांच्यावानी. आतून बदलते अन् बाहेरून टकटक करते."

चुडामणदादा बाहेर मोटरीपाशी होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. आशाबाई तशीच होती, सगळ्यांच्या टोप्या उडवायची. तिने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि "याच्यापेक्षा माझा तवा साफ हाये" असं म्हणून ती भाकरी करायला निघून गेली.

पण माझीही मजल मर्यादित असते. वीज थोडी कमी असेल तर मी ओढूनताणून पुरी करतो. संध्याकाळी ती इतकी खाली जायची की मी पोटात नुसता टकटकत राहायचो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सरांनी पुन्हा मीटर लावला. विजेच्या दोन तारा असतात, एक आणणारी आणि एक परत नेणारी. या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. त्या दोन तारांमध्ये मोजलं की वीज कमी भरायची. पण आणणारी तार आणि जमीन यांच्यामध्ये मोजलं की पुरी! सरांना लगेच कळलं. रस्त्यावरच्या डीपीत, म्हणजे जिथून सगळ्या शेतांना वीज वाटली जाते तिथे, परतीच्या तारेचा जोड ढिला होता. त्यांनी वीज कार्यालयात जाऊन सांगितलं. "लाइनमन येईल," असं उत्तर मिळालं. ते पुन्हा गेले. पुन्हा तेच उत्तर मिळालं.

"दिगू, तू बी कुठं त्यांच्या मागं लागला?" चुडामणदादा म्हणाला. "इकडं सगळे काय करतात? न्यूट्रल सोडून द्यायचं अन् परतीची तार अर्थिंगच्या पाइपाला बांधायची. बिजली जमिनीतून वापस जाते. पूर्ण व्होल्टेज."

"दादा, ते धोक्याचं असतं. मी पोरांना शिकवतो हे."

"मंग शिकव ना कॉलेजात. इथं शेजारच्या शेतात निंबाच्या खोलीत तसंच हाये, सरुबाईच्या बी. कोन मेलं?"

ताऱ्याची संध्याकाळ जवळ आली होती. "त्या दिवसापर्यंत ठेवू, मग काढून टाकू," असं ते शेवटी म्हणाले. कुणाची समजूत घालत होते, देव जाणे. चुडामणदादाने मोटरीशेजारी जमिनीत पुरलेल्या पाइपाला तार गुंडाळून पिळली. माझा काटा तरतर वर चढला आणि तिथेच ठरला. त्या संध्याकाळी कॅमेऱ्याने पहिल्यांदा स्वच्छ चित्र दिलं. पट्टा नाही, डाग नाही, काळ्या आकाशात बारीक ताऱ्यांची रांगोळी. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं, म्हणून त्यांना नुसता दोष देणं मला जमत नाही.

त्या पाइपाची एक खोड होती. भोवतालची माती ओली असेल तरच तो वीज नीट जमिनीत मुरवायचा. उन्हाळा चढत होता. माती सुकली की माझा काटा खाली. म्हणून रोज दिवेलागणीला आशाबाई बादली घेऊन पाइपाच्या बुडाशी पाणी ओतायची. निंबाची बायको तिच्या पाइपाला ओतायची, सरुबाई तिच्या. त्या शिवारात हे रोजचं काम झालं होतं, गुरांना पाणी पाजावं तसं.

एकदा ती आत येऊन म्हणाली, "भाऊ, तिथं उभं राहिलं की पायाला मुंग्या आल्यासारखं लागते."

सरांनी लॅपटॉपवरून मान वळवली. "चप्पल घालून जात जा, वहिनी. अनवाणी जाऊ नका."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मित्रांनो, पायाला मुंग्या आल्या हे जगातल्या कुठल्याही मीटरपेक्षा खरं माप होतं. आशाबाई चप्पल घालून जायला लागली खरी. पण दसऱ्याला चुडामणदादाने मोटरीची, स्टार्टरची आणि त्या पाइपाचीही पूजा केली होती. पाइपावर कुंकवाचा टिळा अजून दिसत होता. कुंकू लावलेल्या वस्तूला चपला घालून पाणी घालायचं तिच्या हातून होईना. ती पाइपाजवळ जायची, चपला बाजूला काढायची, पाणी ओतायची आणि पुन्हा पायात सरकवायची. खिडकीतून मला ते रोज दिसायचं. सर पडद्याकडे पाहत असायचे.

ती संध्याकाळ आली. आकाश निरभ्र होतं. सूर्य मावळून पश्चिमेला थोडा उजेड उरला होता. तो तारा कॅमेऱ्याने धरला होता आणि झाकलं जायला थोडाच वेळ बाकी होता. सर लॅपटॉपपुढे बसले होते. चुडामणदादा खाटेवर बसून गंमत पाहत होता.

माझा काटा हळूहळू उतरू लागला. सर म्हणाले, "दादा, पाणी कमी पडलं वाटतं."

चुडामणदादाने बसल्या जागेवरून हाक मारली, "अवं, एक बादली टाक ना पाइपाला!"

"टाकते!" बाहेरून आवाज आला. बादलीची कडी वाजली. पाणी पडल्याचा आवाज आला आणि काटा वर चढला. सरांनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात काटा धाडकन शून्यावर आला. बल्ब गेला, कॅमेरा गेला. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालत होता, त्याच्या पडद्यावर तारा गोठल्यासारखा थांबला.

"अरे देवा! आत्ताच?" सर ओरडले.

"पान्याच्या धारेनं तार सुटली असंल," चुडामणदादा म्हणाला आणि पुन्हा बाहेर हाक मारली, "अवं, तार निघाली का बघ! पहिल्यावानी गुंडाळून दे!"

पाइपाला बांधलेली तार परतीची. परतीच्या तारेला कोण भितो? ती जमिनीत जाते, म्हणून ती मेलेली, असंच त्या शिवारात सगळे समजत. पण पाइपापासून सुटलेली तार मेलेली नसते. आणणाऱ्या तारेतली वीज माझ्या पोटातून आणि बल्बमधून येऊन तिच्या टोकाशी उभी असते, जमिनीची वाट बघत. आशाबाई चिखलात अनवाणी उभी होती. तिने ती तार उचलली.

माझा काटा वर गेला.

पुरा नाही, थोडासाच. चाळीस व्होल्टच्या आसपास जाऊन तो थरथरत राहिला. ती वीज आता आशाबाईच्या अंगातून जमिनीत जात होती. मला ते तिच्या हाताच्या पकडीसकट कळत होतं. मला तोंड नाही, मित्रांनो. मी फक्त किती ते सांगू शकतो, कशामुळे ते नाही.

"आलं!" सर आनंदाने म्हणाले. "दादा, आलं, आलं! बघ काटा!"

"जोडली वाटते तिनं," चुडामणदादा हसला.

"पण पुरं नाही येत." सरांनी खिडकीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "वहिनी, सोडू नका! दाबून धरा, येतंय!"

काटा थरथरत होता. मग तो खाली आला आणि शून्यावर पडून राहिला.

"सुटली पुन्हा. वहिनी!" सरांनी हाक मारली. "वहिनी, जरा घट्ट..."

आणि ते मध्येच थांबले. ते माझ्याकडे बघत होते. तार पाइपाला लागली असती तर काटा पुरा चढला असता. लागली नसती तर हललाच नसता. मग ते चाळीस कुठून आले? सर भौतिकशास्त्र शिकवणारे होते. त्यांना उत्तर कळलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांनी भिंतीतून माझा प्लग उपटला आणि जो आवाज करत ते बाहेर धावले, तो आवाज मला पुन्हा कधी ऐकावा लागू नये.

गाडी मिळाली, पूल ओलांडून दवाखान्यातही नेलं. काही उपयोग झाला नाही. पंचनाम्यात 'करंट लागून मृत्यू' असं लिहिलं. गावात लोक म्हणाले, "तिची वेळ भरली होती." तो तारा किती वेळ झाकला गेला, ते आमच्या खोलीतून कोणी पाहिलं नाही आणि सरांनी कधी कुणाला विचारलंही नाही.

तेरावं झाल्यावर सर सामान न्यायला शेतावर आले. चुडामणदादा खाटेवर बसला होता.

"दादा, मला मार," सर म्हणाले. "मी तिला धरून ठेवायला सांगितलं."

"तू सांगितलं," चुडामणदादा म्हणाला. "पन तिला बाहेर तार बघायला मी पाठवलं. मी काही कामात नव्हतो, दिगू. खाटेवर बसेल होतो."

तो सरांना एक शब्द वावगा बोलला नाही. सरांना ते मारापेक्षा जड गेलं.

त्याच आठवड्यात लाइनमन आला. बाई मेली म्हटल्यावर तक्रारीला पाय फुटले. त्याने डीपी उघडली, परतीच्या तारेचा ढिला बोल्ट पान्याने आवळला आणि चहा न घेता निघून गेला. विडी ओढून संपायला जेवढा वेळ लागतो तेवढंच काम होतं ते. संध्याकाळी सगळ्या शेतांतल्या खोल्यांत लख्ख उजेड पडला. निंबा, सरुबाई, सगळे बाहेर येऊन दिवे बघत उभे राहिले. चुडामणदादाच्या खोलीतला बल्बही तसाच पेटला. त्याने उठून तो बंद केला आणि अंधारात बसून राहिला.

सरांनी कॅमेरा परत केला. मग ते शिवारातल्या प्रत्येक खोलीवर गेले आणि पाइपाच्या तारा काढा म्हणून हात जोडले. सरांचा मान मोठा, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी तारा काढल्याही. काहींनी मात्र ठेवल्या. उद्या बोल्ट पुन्हा ढिला झाला तर कामाला येईल, असं त्यांचं म्हणणं. मला सरांनी घरी आणलं. कमलताईंनी मला घरात घेऊ दिलं नाही, जिन्याखाली ठेवलं. मला त्यांचा राग येत नाही.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन, त्याचं मला काही वाटत नाही. माझी काळजी घ्या असं सांगायला मी ही गोष्ट सांगितली नाही. काळजी माणसांची घ्या. तार जमिनीत जाते म्हणून ती मेली असं कधी समजू नका. आईच्या पायाला मुंग्या आल्या तर हातातलं काम टाकून उठा. आणि बंद पडलेला दिवा पुन्हा लुकलुकू लागला, काटा पुन्हा वर चढू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी प्लग काढा, बाहेर जा आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे ते बघून या.